तिरक्या रेघेच्या उजवीकडे

ठाकुरद्वारच्या इन्स्टिट्यूटात मिसेस कुटिन्हो
फूटपट्टीने हवेत समास आखायच्या:
आधी आपला पत्ता, मग तारीख, मग त्यांचा पत्ता,
मग दोन ओळी श्वास घ्या, मुलींनो,
आणि मग डिअर सर.

डिअर सर म्हटलं की शेवटी फेथफुली.
नावाने हाक मारली, तर सिन्सिअरली.
म्हणजे नाव माहीत नाही त्याच्याशी एकनिष्ठ राहायचं,
ओळखीच्याशी नुसतं प्रामाणिक.
आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत.
दोन मार्क जातात, म्हणाल्या.

मग बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला,
खंबाटा अँड नेफ्यूज, क्लिअरिंग एजंट.
गोदीत अडकलेल्या पेट्या, डेमरेज, भिजलेली खोकी.
लिव्हरपूलच्या कुणा पैसेबुडव्याला
दिवसातून चारदा डिअर म्हटलं मी.
घरी कुणाला एकदाही नाही.

एकदा कणकवलीला भावाला लिहायला बसले,
आईस साष्टांग, मुलांस आशीर्वाद, वगैरे,
आणि हात आपोआप कागदाच्या मधोमध गेला:
विषय: आईचा डोळा.
खाली रेघसुद्धा मारली.
त्यानेही तसंच उत्तर धाडलं. संदर्भ: तुझं पत्र.
ऑपरेशन झालं. सोबत: काही नाही.

पत्राच्या तळाला, डावीकडे, सहीच्याही खाली
एक बारीक ओळ असते.
साहेबांची अक्षरं कॅपिटल, मग तिरकी रेघ,
मग टायपिस्टची, स्मॉल.
एकतीस वर्षं मी त्या रेघेच्या उजवीकडे राहिले.
साहेब गेले, पुतणे आले, डावीकडची अक्षरं बदलली.
एरवी ती ओळ कुणी वाचत नाही.
चूक निघाली की मात्र
सगळ्यांना बरोबर सापडायची.

काल माझंच पत्र घातलं मशीनवर.
डिअर सर. तीस तारखेपासून मला मोकळं करावं.
फेथफुलीपर्यंत आले आणि थांबले.
धाकट्या खंबाटाला मी हाफ चड्डीत पाहिलाय,
टेबलाखाली कार्बनचे बोळे गोळा करताना.
कागद काढला. नवा घातला.
त्याचं नाव टाकलं, सिन्सिअरली केलं,
सहीला चार ओळी सोडल्या, बाईंनी सांगितल्या तेवढ्याच,
खाली यमुना चेंदवणकर, अख्खं नाव.

मग तळाला आले.
सांगणारी मी, टाइप करणारीही मी.
शिफ्ट दाबून धरली. वाय सी.
रेघेची कळ दाबली,
पण शिफ्टवरचं बोट उचललंच नाही,
आणि रेघेच्या जागी प्रश्नचिन्ह उमटलं.

पुढे परत वाय सी. कॅपिटल.

खोडरबर ड्रॉवरमध्ये होतं.
प्रत फाइलला लावली.