वर्गमूळ

पिंपळनेरच्या कांदा मार्केटमागं पत्र्याची एक खोली,
तिच्यात पंखा, खुर्ची आणि टेकडीवरच्या टॉवरशी
बोलत राहणारी पेटी.
माझं काम चक्र फिरतं ठेवण्याचं.

कांद्याचा भाव, विजेच्या वेळा, पाटाला पाणी सुटलं का,
घाटात एसटी अडकली का,
दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे की संपली.
एक पान गेलं की दुसरं, शेवटचं गेलं की पुन्हा पहिलं.
ऐकणारे दहा की दहा हजार, हवेला सारखंच.
एकानं ऐकलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही.

पाण्याचं तसं नसतं.
वडील पांझरेच्या फडावर पाटकरी होते.
कुणाचं बारं कधी, सगळं डोक्यात, वही नाही.
कुणी उगाच बांधावर जागत बसला की म्हणायचे,
"नीज रे. चांदणी त्या निंबावर आली की ऊठ."
आणि माणूस खरंच झोपायचा.

मी फोनला तेच शिकवते.
पानांच्या मध्ये मध्ये यादी सोडते:
तुझं पान सात मिनिटांनी, तोवर डोळे मीट.
म्हणून शुक्रवारच्या बाजारात चार्ज केलेला फोन
पुढच्या शुक्रवारपर्यंत धुगधुगत राहतो.

मागच्या महिन्यात मिस्ड कॉलची मोजणी आली.
कांद्याच्या भावाला नऊशे.
सिकलसेल तपासणीच्या तारखेला
एक.
गुंजाळ साहेब म्हणाले, मग नऊशे वेळा कांदा फिरव,
एकदा ते पान. हिशोब सरळ आहे.

ती एक म्हणजे पोसलीबाई चौरे,
डोंगराआडच्या पाड्यावरची. लेकाचे सांधे रात्री ठणकतात.
एकदा तिनं थेट खोलीवरच फोन लावला होता,
मला कळावं म्हणून आमच्या बोलीत:
"मना नंबर कव्हय येई, ताई?"

मी साहेबांना तिचं नाव सांगितलं नाही.
कागद दिला.
सगळ्यांनी मिळून पाहिलेली वाट कमीत कमी करायची
तर मागणीच्या पटीत फिरवून भागत नाही,
मागणीच्या वर्गमुळात फिरवावं लागतं.
नऊशेचं तीस. एकाचं एक.
म्हणजे तीस वेळा कांदा गेला की
पोसलीबाईची बारी.

साहेबांनी दोनदा मांडून पाहिलं.
चहा मागवला.
"कांदेवाले ओरडतील."
कुणी ओरडलं नाही. त्यांची वाट वाढली
ती पापणी लवण्याइतकीच.

काल या महिन्याची मोजणी आली.
कांदा अकराशे.
आणि त्या पानापुढं
शून्य.

आता तिला मागायची गरज उरली नसेल,
पान वेळेवर येतं, बाई ऐकते, फोन मिटते.
किंवा फोन बंद पडला असेल.
किंवा.

वडील रात्री कंदील घेऊन शेपटाच्या वाफ्यापर्यंत जायचे,
चप्पल काढून पाय घालायचे मातीत,
ओल लागली की माघारी.
माझ्याकडे पोच येत नाही. हवा एकाच दिशेला बोलते.

शून्याचं वर्गमूळ शून्यच येतं,
मी ते मांडूनही पाहिलं, वेड्यासारखं.
मग चक्रात तिसाव्या कांद्यानंतर
एक जागा हातानं मोकळी केली,
तिथं तारीख भरली, बुधवार, सकाळी दहा,
येताना आधीचा कागद सोबत आणावा,
आणि पेटीचं झाकण लावून
शुक्रवारच्या बाजारात गेले,
कुणी ओळखीचं दिसतं का बघायला.