चौदा नंबरची रेघ

सहमच्या खजूरबागेत
मी एकवीस सेन्सर पुरलेत, वीतभर खोल.
दर दहा मिनिटांनी ते सांगतात
वाळूच्या पोटात पाणी किती.
कंटेनरच्या ऑफिसात, एसीच्या घरघरीत
मी रेघा बघत बसते.
रेघ उतरली की झडप उघडते आपोआप,
चढली की मिटते.
विहिरीला समुद्र लागत चाललाय,
थेंबाथेंबाचा हिशोब द्यावा लागतो.

आमच्या यावलकडे एक शब्द आहे, वाफसा.
मूठभर माती उचलायची, आवळायची,
लाडू वळला आणि बोट टोचताच फुटला
की जमीन तयार.
या सॉफ्टवेअरात खालची मर्यादा, वरची मर्यादा
आणि मधे हिरवा पट्टा.
मी पट्ट्याचं नाव ठेवलं वाफसा.
कुणी हरकत घेतली नाही,
कुणाला वाचताच येत नव्हतं.

वीस रेघा शहाण्यासारख्या वागायच्या.
चौदा नंबरचं मात्र काहीतरी बिनसलेलं.
झडप बंद, नळी कोरडी ठणठणीत,
तरी दिवसातून पाचदा
मुंग्यांच्या वारुळाएवढा उंचवटा.
गळती म्हणावी, तर गळतीला कुठलं घड्याळ?
सेन्सर बदलला. नव्यालाही तीच खोड.
मग महिन्याभराच्या रेघा एकाखाली एक मांडल्या.
उंचवटे सरकत होते, दिवसाला मिनिट-अर्धा मिनिट,
सूर्याचं बोट धरून.
शुक्रवारी दुपारचा तेवढा गायब.

संध्याकाळी मुद्दाम गेले.
चौदाव्या झाडाच्या आळ्यात
मोफज्जल उकिडवा बसलेला,
शेजारी तुपाचा रिकामा डबा, पाण्याने भरून.
मनगटं. चूळ. नाक. तोंड.
कोपरापर्यंत हात,
ओली बोटं केसांवरून,
मग पाय, आधी उजवा.
उरलेलं बुंध्याशी ओतून म्हणाला,
"मशिदीत गटारात जातं, मॅडम.
इथं निदान कुणीतरी पितं."
शुक्रवारी दुपारी तो मशिदीत असतो.
गाव नोआखालीकडचं,
तिथे पाणी घर उचलून नेतं
आणि परत आणून देत नाही.

मालक खलफान बिन मरहून यांना
प्रत्येक चढउताराचं कारण लागतं.
मी रिपोर्टात लिहिलं,
चौदा नंबर : स्थानिक कारण. दुरुस्ती नको.
त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि कॉफीचा दुसरा पेला भरला.

गेल्या मंगळवारी पहाटेचा उंचवटा आला नाही.
दुपारचाही नाही.
सूर्य बुडाला, रेघ तशीच,
हिरव्या पट्ट्याच्या मधोमध,
इस्त्री केल्यासारखी.
पडद्यावर अक्षरं आली : सर्व ठीक.
मी गाडी काढली.
कामगारांच्या खोलीत त्याची खाट गुंडाळलेली.
ताप होता, सोहारच्या दवाखान्यात नेलंय,
म्हणाला एक पोरगा, टीव्हीवरची नजर न काढता.

अकरा दिवस मी
एकवीसपैकी एकच रेघ पाहत होते.
झाडाला काही कमी नव्हतं.
त्याचं पाणी नळीतून वेळेवर पोचत होतं,
मोजून, लिटरला लिटर.

काल मगरिबच्या सुमाराला
चौदा नंबर हलला.
उंचवटा नेहमीपेक्षा बुटका.
हात थरथरत असतील,
किंवा डबा पुरता भरून आणवला नसेल.

मी रात्रीच्या पाळीच्या झडपा लावल्या
आणि मेसला फोन करून सांगितलं,
एकाचा भात आज मऊ शिजवा.