पाच ग्रॅम नारिंगी

केलिमानच्या या खोलीत
खिडक्यांना काळं कापड मीच लावलंय,
खिळे ठोकून, कारण पडदे सरकतात.
बाहेर माडांवर ऊन एवढं की डोळे मिटावेत,
आत एकच मिणमिणता दिवा
भिंतीकडे तोंड करून,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.

कॅरोटिन उजेडात टिकत नाही.
मागे एकदा एक चंबू खिडकीत विसरले, शुक्रवारी.
सोमवारी त्यात नुसतं पाण्यासारखं काहीतरी.
वहीत लिहिलं : नमुना क्रमांक एकोणीस, माझी चूक.

रताळं किसते. पाच ग्रॅम,
काट्यासमोर श्वास रोखून.
खलात थंड ॲसिटोन ओतून घोटते,
गाळते, पुन्हा घोटते,
चोथा पांढरा होईतो.
रंग निघून जातो त्याचा आवाज होत नाही.
पंधरा वर्षं झाली,
अजून मी कान देते.

वुवो सेलेस्त दाराशी बसलीय, निकुआदालाहून आलेली.
पोत्यात रताळ्याच्या चकत्या,
पत्र्यावर आठ दिवस वाळवलेल्या, कडकडीत.
"तो चोथा टाकू नकोस," म्हणते, "कोंबड्या खातील."
नाही वुवो, त्याला औषधाचा वास लागलाय.
"मग माझं पाच ग्रॅम गेलंच म्हणायचं."
गेलंच.

साडेचारशे नॅनोमीटरवर यंत्र आकडा देतं.
मी डोळ्यांत तेल घालून तो दोनदा बघते,
तिसऱ्यांदा बघते.
ताज्या रताळ्यात होतं त्याच्या निम्मंही नाही.

"किती भरलं?"
बाजारात विचारावं तसं विचारते.
कागद पुढे करते मी. ती तो उलटा धरते,
मग सुलटा, मग माझ्या मांडीवर ठेवते.
"हातानं दाखव."

मायक्रोग्रॅम हातानं कसा दाखवायचा?
रंगांची पट्टी उघडते, पांढऱ्यापासून शेंदरीपर्यंत.
हे तुझं रताळं, खणून काढलं त्या दिवशी.
आणि हे, पत्र्यावरून उतरवलेलं.
ती पट्टी आपल्या कापुलानाजवळ नेते,
कमरेच्या त्या कापडावर जुने सूर्य छापलेले,
घडीच्या आत अजून गडद,
वर धुऊन धुऊन फिके.
बोट घडीत घालते, बाहेर काढते.
"अस्सं," म्हणते. "ऊन पीत बसलं, होय."

सावलीत वाळव, सांगते मी.
वर काहीतरी झाक.
आणि शिजवशील तेव्हा तेल घाल,
चमचाभर, ताटात, पोराच्या.

"तेल महाग आहे," ती म्हणते.
याला माझ्याकडे यंत्र नाही.

जूनमध्ये इथं पाचलाच अंधारून येतं.
नातू, अबिलियू, सहा वर्षांचा,
दुपारभर अंगणात खेकड्यांमागे धावत होता.
आता पायरीच्या काठाशी थांबलाय,
पाय पुढे करून खाली चाचपतोय
जमीन आहे की नाही.
वुवोनं त्याचं कोपर धरलं.
रिकामं पोतं तिनं खांद्यावर टाकलं,
कापुलाना सोडून पाहिली, किती रुंद भरते,
आणि परत बांधली.