मीठ कुठं ठेवलंय

कुताइसीत डिसेंबरचा शेवटचा दिवस, सकाळचे दहा,
आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात
चौथं कपाट उघडून उभी.
मीठ कुठं ठेवलंय?
तेओना न्हाणीघरात आहे. सुनेला हाक मारून
असलं काही विचारायचं जिवावर येतं.

नऊ वर्षं मी इटलीत होते, बारी शहरात,
सिन्योरा आगाताच्या तिसऱ्या मजल्यावर.
तिथलं मीठ मला अंधारात सापडायचं,
शेगडीच्या डावीकडं, निळ्या बरणीत.
डॉक्टरांनी बंद केलेलं. ती खुणेनं मागायची
आणि मी चिमूटभर टाकायचे सूपमध्ये,
दोघी चोर.
ऑक्टोबरात ती गेली. तिच्या मुलानं मला
विमानाचं तिकीट दिलं,
आणि तिची छत्री.

नानुली आणि लमारा घंटी न वाजवताच आत.
लमाराच्या काखेत दळायचं लोखंडी यंत्र,
एखादं हट्टी पोर उचलून आणावं तसं.
नानुलीकडं अक्रोडांची पिशवी.
"सोललेले आणलेस ना बाजारातून? खवट असतात.
हे फोड. हातोडी कुठंय?"
हातोडी! मला मीठ सापडेना.
शेवटी दाराच्या फटीत धरून फोडले,
दार अजून करकरतंय.

अक्रोड तीनदा दळायचा, तेल सुटेपर्यंत.
मग लसूण, धणे, मेथी,
वाळल्या झेंडूची पूड नखावर मावेल एवढी.
सात्सिवीला घाई चालत नाही,
तो गारच खायचा, गार होतानाच मुरतो.
टर्की रात्रीच शिजलीय, बाल्कनीत झाकून ठेवलीय,
कठड्यावर शेजारचं मांजर
पाहुण्यासारखं वाट बघत.

दुसऱ्या शेगडीवर मध.
थेंब गार पाण्यात टाकायचा, गोळी धरली की उतरवायचा,
एवढंच तर काम.
पण नेमकी तेव्हाच लमारा
जावयाच्या घोरण्याची नक्कल करायला लागली,
शिटीसकट,
आणि नानुली जमिनीवर बसूनच हसली,
गुडघ्याचं ऑपरेशन विसरून.
वास आला तेव्हा मध काळपट झालेला.
"करपला."
"खरपूस म्हण. इटलीची पद्धत म्हणून सांग."
ओल्या पाटावर थापला, तिरक्या वड्या पाडल्या,
एकीचीही कड सरळ नाही.

आता काय राहिलं? सगळंच राहिलं होतं.
म्हणून बसलो.
नानुलीनं खोकल्याच्या औषधाची बाटली काढली,
आत भावानं गाळलेली चाचा.
चहाच्या कपातून घेतली, पाय समोरच्या खुर्चीवर,
तिघींच्या मोज्यांना मिळून चार भोकं.
यंदा मेक्व्ले कोण, यावरून वाद.
बारा वाजल्यावर उंबरठ्यात पहिलं पाऊल ज्याचं,
त्याच्या पायगुणानं वर्ष जायचं.
मागच्या खेपेला जुंबेर आला होता, तळमजल्यावरचा,
मार्चात बॉयलर फुटला.
"त्याला कुलूप लावा घरात."
"हिलाच काढू बाहेर," लमारा म्हणाली, "त्सियालाला.
नाहीतरी नऊ वर्षं बाहेरच होती."

मी कपात बघत राहिले.
कोणी काही बोललं नाही,
नानुलीनं टरफलं गोळा करायचं नाटक केलं.

तेवढ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून तेओना आली.
जमिनीवर टरफलं, ओट्यावर मध, तीन म्हाताऱ्या,
औषधाची बाटली.
ती बघत राहिली.
मी उठले, आणि तोंडून आधी निघालं तेच विचारलं,
"मीठ कुठं ठेवलंय?"

"तिथंच," ती म्हणाली, "मक्याच्या पिठामागं, खालच्या खणात.
तुम्ही ठेवलं होतं तिथं.
मला रोज वाकावं लागतं,
पण हलवलं नाही."

मी वाकले. होतं.
माझ्याच हातची चिठ्ठी डब्यावर, शाई उडालेली.

तेओनानं स्वतःच चौथा कप घेतला,
बाटली हुंगली,
आणि लमाराला म्हणाली, जावई पुन्हा करून दाखवा,
मी आतून अर्धाच ऐकला.

बाराला दहा कमी असताना
मला जिन्यात उभं करणार आहेत,
खरपूस वड्यांची बशी देऊन.
बाहेर भुरभुर सुरू झालीय, छत्री घेईन.
पण टर्की अजून कापायचीय,
आणि बाल्कनीवरचं झाकण
मघापासून हलतंय.