चिपाड

रबाळे एमआयडीसीत, आर ब्लॉकच्या वळणावर
झेंडेमामांची रसवंती.
चरकाला घुंगरू. ऊस घडी घालून चौथ्यांदा आत जातो
आणि बाहेर येतं ते, त्यांच्या भाषेत, मेलेलं.

मी रोज संध्याकाळी एक गोणी उचलते.
आधी त्यांना वाटलं, घरी म्हैस असेल.
मी म्हटलं, भट्टी आहे.

धुणं, वाळवणं, मग क्वार्ट्झच्या नळीत
नायट्रोजनच्या पहाऱ्यात नऊशे अंश.
हवा शिरली तर राख,
नाही शिरली तर कोळसा.
जळणं आणि नुसतं काळं होणं यात एवढंच अंतर,
हे मी वहीत लिहिलं नाही.
वहीत लिहिलं: वजन चोवीस टक्के उरलं.

मग दळण, चाळण. रुमाल काळा, शिंक काळी.
रेझिनमध्ये कालवून, साच्यात दाबून
तळहाताएवढी पाटी करायची
फ्युएल सेलच्या पोटात बसणारी.
एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा,
दोघांची गाठ पडू द्यायची नाही,
वीज मात्र आरपार गेली पाहिजे.

वीस टक्के कोळसा. मीटर गप्प.
तीस. गप्प.
पस्तीसलाही ती शाळेतलीच पाटी.
आत कण आहेत, पण ज्याच्या त्याच्या भोवती रेझिन,
वाशीच्या टॉवरमधल्या बंद दारांसारखं.

चाळिसाला, मंगळवारी, मीटर बोललं.
हळूहळू नाही, एकदम.
कुठल्याशा कणाचं कोपर दुसऱ्याला लागलं
आणि या काठापासून त्या काठापर्यंत पायवाट पडली.

पाटी घेऊन खाली आले.
मामांनी हात पुसून दोन्ही टोकं स्वतः टेकवली.
टीं.
पुन्हा. टीं.
"हे आपलं चिपाड?"
आपलं.
"आणि यातून वीज जाते?"
आमच्याकडे वीज जाते म्हणजे चांगलं, मामा.

मडकं पारखावं तशी त्यांनी ती बोटानं वाजवली.
कोपऱ्याचा टवका उडाला.

ठिसूळ आहे अजून, मी म्हटलं.
कोळसा वाढवला की मोडते,
कमी केला की मुकी होते.
ते टवका शोधत वाकले, मला परत दिला, म्हणाले,
"मग थोडा रस राहू देऊ का आत?
तुझ्या गोणीचा तीनदाच पिळतो."

मी हसले.
दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात थांबले.
साखर. नऊशे अंशांवर साखरेचं काय होतं?

नमुना एक्केचाळीस.
तीनदा पिळलेला.