दोनशे पन्नास

डिचोलीतल्या भाड्याच्या खोलीत
मी एक बोट बांधतेय, आकड्यांचं.
बोट म्हणजे अजून नुसतं टोक:
वर कातडी, खाली चरबी,
आणि खोल आत कांद्यासारखा एक दाणा,
पापुद्र्यावर पापुद्रा, गाभ्यात मज्जातंतूचं एकटं शेवट.
प्रत्येक पापुद्रा मी स्प्रिंग मानलाय.
मधलं पाणी म्हणजे बँकेच्या काचेच्या दाराला असतो ना,
दार आपटू न देणारा, तो पंप.

सेकंदाला दोनशे पन्नास हेलकावे दिले
की दाणा बोलतो. भरभरून.
नुसतं दाबून धरलं तर एकदाच बोलतो
आणि गप्प.
पुन्हा बोलतो ते सोडल्यावर.
मधे जे काही होतं ते त्याच्या लेखी झालेलंच नाही.

बाबा, गुणाजी गावस,
आधी चिरेखाणीत, मग शिरगावात ड्रिलवर, एकूण बावीस वर्षं.
थंडीच्या सकाळी त्यांची बोटं खडूसारखी होतात.
शर्टाचं बटण ते डोळ्यांनी लावतात.
त्यांच्या मधल्या बोटावर मी ट्यूनिंग फोर्क टेकवला.
"कळतंय?"
"थंड लागता गो."
"आणि थरथर?"
त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं,
उत्तर तिथे लिहिलेलं असावं तसं.

रात्री मी मॉडेलमध्ये एका जागी शून्य टाकलं.
आलेख आला
मिठागरासारखा सपाट.
फाइलला नाव काय द्यायचं ते सुचेना.
तारीख दिली.

रविवारी चोडणहून रायबंदरला जाताना
फेरीबोटीच्या कठड्यावर कोपर टेकून ते उभे होते.
शेजारी स्कूटर, बांगड्यांची टोपली, दोन बकऱ्या.
"दुसरो पिस्टन चुकता," म्हणाले.
मला नुसता गोंगाट.
"कशावरून?"
"हाडावरून."

माझ्या बोटाला हाड नाही.
ते टोकाला सुरू होतं, पहिल्या पेऱ्याआधी संपतं,
पुढे मी एक रेघ मारलीय: सीमा, स्थिर.
त्या रेघेपलीकडे मनगट, कोपर, खांदा
आणि बावीस वर्षं, सगळं मी भिंत म्हणून धरलंय.

नदीच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकलं
आणि थांबलं.
माझ्या तळपायांतले सगळे दाणे
एकदम बोलले.
तेव्हा मला कळलं, इतका वेळ
पाट्या थरथरत होत्या.

बांगडेवाली काहीतरी पुटपुटली.
चालक झाकण उघडायला खाली उतरला.
बाबांनी कोपर काढलं नव्हतं.