दहा मिलिमीटर

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या दुकानामागे,
माझ्या मांडीवर दोन फळ्या.
एकीवर ओकचा तीन मिलिमीटरचा थर, खाली प्लायचे पापुद्रे.
दुसरीवर ओकचा फोटो.
फोटो जास्त चांगला आलाय.

परकार खेडच्या पलीकडचे, अठ्ठावीस वर्षं इथे.
नारळ बघावा तशी दोन्हींवर टिचकी मारतात.
"ऐका."
एक ठक्क म्हणते, एक टक.
फरक कळल्यासारखा चेहरा करते मी.

"उन्हाळ्यात गावाला जाता ना? एसी बंद करून?"
जातो. जुलैपासून शाळा उघडेपर्यंत.
"मग खऱ्या लाकडाचा हट्ट नको, बाई.
बंद घरात ऑगस्टचा दमटपणा शिरतो,
तुम्ही येईपर्यंत ते फुगून बसतं.
त्याला बारा महिने कोणीतरी घरात लागतं."

आणि हे?
"ह्याला कोणी नाय लागत. फक्त पाणी सांभाळा.
सांध्यात गेलं, की चहातलं बिस्कीट."

सारंग फोनवर गुणाकार करतोय,
साठ दिरहॅम मीटरला, नाहीतर एकशे ऐंशी.
व्हिसा दोन वर्षांचा, कर्ज पंधरांचं,
लाकूड म्हणे तीस टिकतं.
कुठल्या आकड्याने भागायचं
ते त्याला कळेना, मलाही.

आठवडाभर त्या फळ्या अजमानच्या फ्लॅटमध्ये,
अकराव्या मजल्यावर, बाथरूमच्या दाराशी.
रेवा त्यांच्यावर लंगडी घालते.
सासूबाई व्हिडिओवर विचारतात, पुसायचं कशाने.
रात्री पाणी प्यायला उठले की मी
आधी एकीवर उभी राहते, मग दुसरीवर,
दिवा न लावता.
तळव्यांना एक आवडते.
सकाळी कॅल्क्युलेटर उघडला की दुसरी.

कॅटलॉगमधल्या हॉलमध्ये
प्रत्येक सातव्या फळीवर तीच गाठ आहे,
त्याच कोनातली, शेजारी तोच बारीक चिरा.
मी मोजल्या. बावीस.
एकाच फांदीचं बावीसदा तुटणं.
हे सारंगला सांगितलं तर तो म्हणाला,
सोफ्याखाली सहा तरी झाकल्या जातील.

तर तीच घेतली.

शुक्रवारी नमाजनंतर परकार आले,
गुडघ्यांना फोम बांधून.
ओकची फळी आधी पिशवीत घातली, दुकानाची म्हणून.
मग काँक्रीटवर पातळ गादी पसरली
आणि भिंतीच्या कडेकडेने लाकडी पाचरी ठेवल्या.

ही खाली चिकटवत नाहीत? नाही.
ठोकत? नाही.
"नुसती ठेवायची. एकमेकींत अडकवून.
आणि चारी बाजूंनी दहा मिलिमीटर सोडायचं.
हलायला जागा पायजे,
नायतर मधूनच उठते."

चहा देताना विचारलं, तुमच्या घरी काय आहे?
"गावाला? दोन खोल्यांत ग्रॅनाइट. तिसरी पुढच्या वर्षी."
आणि इथे?
ते हसले. "इथे बंक बेड.
जमीन दिसते कुठे."

संध्याकाळी पाचरी काढल्या.
रिकाम्या हॉलमध्ये आम्ही तिघं चालून पाहिलं.
टक. टक.
खालचे शेजारी काय म्हणतील, सारंग म्हणाला.

पट्टी ठोकायच्या आधी
रेवाने खिडकीखालच्या फटीत
हिरव्या पेन्सिलीचा बोटभर तुकडा आडवा ठेवला.
परकारांनी पाहिलं.
थोडा आत सरकवला,
आणि वर पट्टी बसवली.